मंगळागौरीचे खेळ आणि कौटुंबिक स्वास्थ्य

श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने करायच्या मंगळागौरीच्या व्रतात रात्री जागरणासाठी खेळले जाणारे स्त्रियांचे सामूहिक खेळ. लग्नानंतर पाच वर्षे हे व्रत करण्याची चाल असून पहिली मंगळागौर बहुधा माहेरी होते. सकाळी पत्री वाहून पूजा, मग मुक्याने जेवण, आणि रात्रीची आरती आटोपली की पदर खोचून खेळ सुरू.

झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे, आगोटे-पागोटे अशी नावे कितीतरी; फुगडीचेच प्रकार मोजून संपत नाहीत. उभ्या फुगडीत दोघी समोरासमोर चवडे जुळवतात, हातांची फुली करून एकमेकींचे हात घट्ट धरतात आणि मागे रेलून गरगर फिरतात. रेलणे दोघींचे सारखे लागते. एकीने हात सोडला तर दोघी आपटतात. बसफुगडीत उकिडवे बसून आळीपाळीने एकेक पाय पुढे टाकायचा असतो. मांड्या आणि दम यांचा खरा कस तिथे लागतो. कोकणात आणि गोव्यात फुगडी मंगळागौरीपेक्षा गणेशचतुर्थीच्या दिवसांत जास्त रंगते.

1929च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले. त्याआधी व्रताला बसलेली नवरी पुष्कळदा खेळायच्याच वयाची असे, आणि एरवी मान वर न करणाऱ्या त्या मुलीला धावण्या-ओरडण्याची मुभा या रात्री मिळे. पिंग्यात एकीने टोमणा मारायचा, दुसरीने तो परतवायचा. सासू-सुनेचे भांडण तर खेळ म्हणूनच होते, तेही खऱ्या सासूच्या देखत. घरातला ताण सैल होण्यात घामापेक्षा या मुभेचा वाटा मोठा असावा. मात्र हा मोकळेपणा सर्वांसाठी नव्हता: सवाष्णींच्या या सोहळ्यात विधवांना मान नसे, आणि पुरुष तर बाहेरच.

कौटुंबिक विरंगुळ्याच्या अभ्यासात रॅमन झॅब्रिस्की आणि ब्रायन मॅकॉर्मिक यांनी 2001 मध्ये मांडलेले प्रारूप वारंवार वापरले जाते. घरच्या घरी, बिनखर्चाचा, रोजचा विरंगुळा जिव्हाळा वाढवतो. क्वचित घडणारा, वेगळा अनुभव बदलाशी जुळवून घ्यायला शिकवतो, असे त्याचे सार. मंगळागौर या दोन्हींच्या मधोमध बसते: जागा घरचीच, पण रात्र वर्षातून मोजक्या वेळा येणारी. अशा अभ्यासांतून बहुतांशी सहसंबंधच दिसतो. खेळल्यामुळे घर सुखी झाले की सुखी घराला खेळावेसे वाटले, हे त्यावरून ठरत नाही.

‘मंगळागौर म्हणजे संपूर्ण व्यायाम’ हा हल्लीचा दावाही जपूनच घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. एका जागरणाने ती भरून निघत नाही. आठवडेच्या आठवडे तालीम करणाऱ्या महिला मंडळांची गोष्ट वेगळी. तिथे चाळिशी-पन्नाशीच्या बायका आपल्या मुली-सुनांसह नियमित खेळतात. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, या कथासूत्रावरचा केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट 2023 मध्ये तुफान चालला. परदेशातली महाराष्ट्र मंडळेही हे खेळ ठेवतात. तिथे मंगळवार सोडून शनिवार-रविवार धरला जातो. गुडघे कुरकुरणाऱ्या बायका बसफुगडी आणि कोंबडा टाळून झिम्म्यात शिरतात.