मोदकांपासून सुरू झालेले व्याकरण

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मोदकाला नाही म्हणणारा माणूस सापडणे कठीण. पण एका राजाने चुकीच्या वेळी मोदक मागवले आणि त्यातून संस्कृतचे एक सोपे व्याकरण जन्माला आले, अशी एक जुनी कथा आहे. मी पेशाने सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. शाळेत संस्कृतच्या तासाला मी चक्क ‘ढ’ होतो. त्यामुळे ही कथा मला पंडितापेक्षा जास्त जवळची वाटते.

कथा आहे ‘कथासरित्सागरा’तली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने हा ग्रंथ रचला, पण हा प्रसंग घडतो आपल्या गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणला. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, ‘मा उदकैः’, म्हणजे ‘पाण्याने मारू नका’. पण बोलताना संधी झाला आणि शब्द झाला ‘मोदकैः’. राजाने ऐकले ‘मोदकांनी मारा’. त्याने लगेच मोदक आणवले. राणी हसली आणि म्हणाली, एवढा साधा संधी तुम्हाला कळत नाही?

पुढे राजाने काय केले, ते मला महत्त्वाचे वाटते. तो रागावला नाही, कोणाला शिक्षाही केली नाही. तो महालात जाऊन पडून राहिला आणि कोणाशी बोलेनासा झाला. त्याचे दोन विद्वान मंत्री, गुणाढ्य आणि शर्ववर्मा, त्याला भेटायला गेले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. दोघांची पैज लागली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची, म्हणजे आपल्या बाप्पाच्या भावाची, उपासना केली, त्याच्या कृपेने नवे व्याकरण मिळवले आणि पैज जिंकली. हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या आणि पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली.

कथा ती कथाच. व्याकरण मात्र खरे आहे. त्याचे नाव ‘कातंत्र’, म्हणजे लहानसे शास्त्र. कार्तिकेयावरून त्याला ‘कौमार’ही म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. कातंत्रात नंतर जोडलेला कृदन्ताचा भाग धरूनही ती चौदाशेच्या आसपास आहेत. पण खरा फरक संख्येचा नाही, मांडणीचा आहे. सूत्र कमीत कमी अक्षरांत बसावे म्हणून पाणिनीने एकाच विषयाचे नियम निरनिराळ्या अध्यायांत ठेवले. ‘गुण’ म्हणजे काय ते पहिल्या अध्यायात आणि गुणसंधीचा नियम सहाव्यात. ज्याला सगळी अष्टाध्यायी पाठ आहे, त्याला त्याची अडचण नाही. नवशिक्याची मात्र दमछाक होते. कातंत्रात विषयवार प्रकरणे आहेत: आधी संधी, मग नामे, मग क्रियापदे. ‘अच्’, ‘हल्’ अशा सांकेतिक संज्ञांऐवजी ‘स्वर’, ‘व्यंजन’ हे साधे शब्द आहेत. आणि पहिलेच प्रकरण संधीचे! राजा जिथे अडखळला, तिथूनच पुस्तक सुरू होते. ‘आ’ आणि ‘उ’ मिळून ‘ओ’ होतो, हा नियम ‘मोदकैः’ ऐकलेला विद्यार्थी जन्मात विसरत नाही.

हे सोपे व्याकरण बंगालात आणि काश्मिरात शतकानुशतके शिकवले गेले. बौद्धांनी आणि जैनांनी ते जवळ केले, त्याचे तिबेटी भाषांतर झाले, मध्य आशियातही त्याच्या हस्तलिखितांचे तुकडे सापडले. पण त्याची एक दुसरी बाजूही आहे. राजस्थान आणि बुंदेलखंडाकडच्या जुन्या पाठशाळांत कातंत्राची सुरुवातीची सूत्रे मुले घोकत असत. पिढ्यान्‌पिढ्या घोकून त्यांचे उच्चार इतके बदलले की अर्थ ना मुलांना कळे ना पंतोजींना. जे व्याकरण सोपेपणासाठी रचले, त्याचाच निरर्थक गजर झाला. आठवणीची युक्ती अर्थाला धरून असेल तरच उपयोगाची, नाहीतर ती आणखी एक ओझे होते.

आता पुन्हा राजाकडे येऊ. तो खरोखर ‘ढ’ होता का? सातवाहनांचे नाणेघाटातले आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख प्राकृतात आहेत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि आपली मराठी त्याच वंशातली. कथेतला राजा या घराण्यातला मानला, तर तो मंदबुद्धी नव्हता. त्याच्या घरची भाषा वेगळी होती, इतकेच.

इथे मला आमचे इंदूर आठवते. माझी भाची पाचवीत आहे. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. एकदा पुण्याच्या पाहुण्यांसमोर ती ‘माझी पुस्तक’ म्हणाली आणि सगळे हसले. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर मुळीच नाही. मग तिची चूक कुठे झाली? पण त्या दिवसापासून ती पाहुण्यांशी फक्त हिंदीत बोलू लागली. राजासारखीच गप्प झाली म्हणा ना.

गेल्या वर्षी गणपतीची तयारी करताना मी तिला पूजेच्या सामानाच्या तीन रांगा लावायला सांगितल्या. तो मोदक, तो नारळ, तो शंख. ती दूर्वा, ती समई, ती आरती. ते फूल, ते निरांजन, ते मखर. मग विचारले, पुस्तक कोणत्या रांगेत ठेवायचे? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘मखराच्या. ते पुस्तक. माझं पुस्तक.’ आता अडली की ती स्वतःच विचारते, ‘मामा, हे मोदकाच्या रांगेत की मखराच्या?’

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतो. आपली मुले मराठी विसरतात ती आळसाने नाही, बऱ्याचदा हसण्याच्या भीतीने. या दहा दिवसांत मंडळात एखादे मूल चुकीचे मराठी बोलले, तर राणीसारखे हसू नका. शर्ववर्म्यासारखे, जिथे ते अडले तिथून सुरुवात करा.

गणपती बाप्पा मोरया!