अणुवीज सामग्री पुरवठादारांची गुणवत्ता तपासणी

अणुवीज केंद्रासाठी दाबपात्रे, बाष्पजनित्रे, पंप, झडपा पुरवणाऱ्या कारखान्यांची कार्यपद्धती आणि नोंदी पडताळण्याची प्रक्रिया. अमेरिकेत ती १९७० सालच्या १८ निकषांवर चालते. तपासनीस वस्तूइतकाच तिचा माग पाहतो : पोलाद कोणत्या ओतातले, वेल्डरचे प्रमाणपत्र चालू होते का, चाचणीयंत्राचे अंशांकन कधी झाले. दाबपात्र बसवल्यावर बदलता येत नाही, म्हणून ही चिकाटी आवश्यकच.

ती ढिली पडल्यास काय होते, हे फ्रान्समधील ल क्रझो येथील अरेवा कंपनीच्या घडाई कारखान्यात दिसले. फ्लामानव्हिल-३ अणुभट्टीच्या दाबपात्राच्या झाकणात आणि तळात ठरावीक ०.२२ टक्क्यांऐवजी ०.३० टक्क्यांपर्यंत कार्बन असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. जास्त कार्बनमुळे पोलादाचा चिवटपणा घटतो. पुढच्या वर्षी जुनी कपाटे उघडली, तेव्हा काही फायलींवर दोन रेघांची खूण आढळली. त्यांतल्या विसंगती ग्राहकाला आणि नियामकाला कळवलेल्याच नव्हत्या. सदोष ओतापेक्षा ही लपवाछपवी अधिक गंभीर मानावी लागते, कारण सारी तपासणी नोंदींच्या खरेपणावर उभी असते. अशाच विसंगतीमुळे फ्रान्समधील फेसेनहाइम-२ अणुभट्टीच्या एका बाष्पजनित्राचे प्रमाणपत्र २०१६ मध्ये निलंबित झाले. त्याच वर्षअखेरीस फ्रेंच नियामकाबरोबर अन्य देशांच्या तपासनीसांनीही कारखाना तपासला. फ्लामानव्हिलचे दाबपात्र अखेर स्वीकारले गेले, पण झाकण बदलण्याच्या अटीवर.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे फ्लामानव्हिल-३ च्याच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. भारतातील नियामक संस्था, अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईत आहे.