ओळखीच्या ओळखीचं गणित

उद्या कोणाची कोणाशी ओळख होणार, हे सांगणाऱ्या गणिताचं एक मूळ आल्प्सच्या डोंगरात सापडतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जाकार तिथल्या वनस्पतींची तुलना करत होते. दोन जागांवरच्या सामाईक जाती भागिले दोन्हीकडच्या मिळून एकूण जाती, हा त्यांचा १९०१ सालचा साधा भागाकार. जातींच्या जागी मित्र ठेवले की झालं! दोघांच्या मिळून दहा मित्रांपैकी तीन सामाईक असले, तर उत्तर ०.३.

पण सगळेच सामाईक मित्र सारख्या वजनाचे नसतात. अख्ख्या गावाला ओळखणारा माणूस दोघांच्याही ओळखीचा निघाला, तर त्यात नवल ते काय? मोजक्या माणसांत वावरणारा निघाला, तर मात्र कान टवकारावेत. लाडा अ‍ॅडॅमिक आणि एतान अदार यांनी २००३ मध्ये हेच शहाणपण सूत्रात बसवलं.

त्याच वर्षी डेव्हिड लिबेन-नोवेल आणि जॉन क्लाइनबर्ग यांनी अशा मापांची परीक्षाच घेतली. भौतिकशास्त्रातले १९९४ ते १९९६ चे शोधनिबंध पाहायचे आणि पुढच्या तीन वर्षांत कोण कोणाबरोबर नव्याने लिहील, ते ओळखायचं. सर्वांत सरस पद्धतीचेही शंभरातले जेमतेम सोळा अंदाज खरे ठरले. नुसत्या नशिबावर सोडलं असतं, तर एकही धड जमला नसता.

२०१६ मध्ये आदित्य ग्रोव्हर आणि युरे लेस्कोवेक यांच्या ‘नोड-टू-वेक’ने तयार सूत्र बाजूला ठेवलं. यंत्र ओळखींच्या जाळ्यात भटकतं, वाटेत भेटलेली नावं वाक्यातल्या शब्दांसारखी वाचतं आणि प्रत्येकाला आकड्यांचा पत्ता देतं; त्या पत्त्यांवरूनच पुढच्या ओळखीचा अंदाज बांधतात. फेसबुकवरच्या मैत्रीइतकीच ही भटकंती प्रथिनांच्या जाळ्यातही करून पाहिली गेली.