स्वतंत्रपूरच्या कैद्यांना जे मिळालं, ते पुढं किती जणांना मिळालं?

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बहुतेकांना माहीत आहे ते 'दो आँखें बारह हाथ'मुळं. व्ही. शांताराम यांचा 1957 चा सिनेमा, कथा आपल्या माडगूळच्या गदिमांची, आणि बर्लिनच्या महोत्सवात मिळालेलं बक्षीस. पाहुणे आले की आपण अभिमानानं सांगतो, "ते खरं गाव हे आमचं." सिनेमात एक भला जेलर आणि सहा कैदी दिसतात. त्यामुळं आपल्या मनात हा प्रयोग म्हणजे एका माणसाच्या चांगुलपणाची गोष्ट होऊन बसलाय. चांगुलपणा होताच. पण त्यामागं संस्थानाचा पैसाही होता, आणि तो हिशेब कुणी सांगत नाही.

थोडं मागं जाऊ. औंध हे छोटं संस्थान. मुंबई इलाख्याच्या तिजोरीपुढं त्याची तिजोरी म्हणजे काहीच नाही. पण बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा स्वभाव वेगळा. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली ती त्यांनीच. तुरुंगात राहून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीला ठेवलं, ही गोष्ट किर्लोस्करवाडीच्या आठवणींत हमखास येते. ज्यांच्यापासून कड्याकुलपं लावून राहायचं, त्यांच्याच हातात राखण. आपल्या भागात हा विचार इतका जुना आहे.

पुढं मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर औंधला आले. गांधीजींच्या विचारांचे, अंगावर खादी, इथं त्यांना भारतानंद म्हणत. (निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत जगापुढं आणली ती यांनीच.) 1939 मध्ये औंधच्या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. खुल्या तुरुंगाची कल्पना त्याच काळातली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांनी ती उचलून धरली आणि आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर वसलं.

तिथं कैद्यांना काय दिलं ते बघा. कसायला जमीन. राहायला जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकापोरांना सोबत ठेवायची मुभा. भिंत नाही. माणूस शिक्षा भोगत होता तेव्हाच त्याचा संसार चालू होता, हाताला सवय राहिली होती, चार पैसे गाठीला बांधता येत होते. सुटकेच्या दिवशी त्याला आयुष्य शून्यापासून सुरू करावं लागत नव्हतं. आणि जमीन, जागा हे सगळं संस्थानाचं, म्हणजे रयतेच्या पैशातलं. राजानं खिशातून केलेला दानधर्म नव्हे. 1948 मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, स्वतंत्रपूर सरकारच्या ताब्यात गेलं, तरी वसाहत चालू राहिली.

आता त्याच काळातला इंग्रजी मुलूख बघू. तिथं तुरुंगाचा कायदा 1894 चा. त्यात कैद्याला कसं ठेवायचं, काय खायला द्यायचं, शिस्त मोडली तर काय शिक्षा, हे सगळं बारकाईनं आहे. सुटल्यावर काय, याचा विचार जवळजवळ नाही. 1919-20 च्या जेल कमिटीनं पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की तुरुंगाचं काम माणूस सुधारून समाजात परत पाठवणं आहे, आणि सुटलेल्यांच्या मदतीसाठी संस्था हव्यात. संस्था निघाल्याही. पण त्या चालल्या मुख्यतः शेठसावकारांच्या देणग्यांवर, वर सरकारचं थोडं अनुदान. आत ठेवण्याचा खर्च सरकारी, बाहेर उभं करण्याचा खर्च धर्मादाय, अशी वाटणी तेव्हा पडली. माझ्या मते सगळी गडबड इथंच आहे, कारण ती वाटणी आजही मोडलेली नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 1938 मध्ये, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांतानं परिवीक्षेचा स्वतःचा कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, 1958 ला आला. 1954 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळानं प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, विषय एकच: संस्थांतून आणि तुरुंगांतून बाहेर पडणाऱ्यांचं पुढं काय. हेच गोरे पुढं टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1980 ते 1983 न्या. मुल्ला समिती बसली. 2016 ला नमुना तुरुंग नियमावली आली, 2023 ला केंद्राचा नमुना कायदा आला. प्रत्येक कागदात सुटकेनंतरच्या पुनर्वसनावर प्रकरण आहे. भाषा छान आहे. पण ते राबवायला दरवर्षी हमखास मिळणारा पैसा कुणी ठेवायचा, इथं गाडी अडते.

का अडते? मला तीन कारणं दिसतात.

एक, तुरुंग हा घटनेनुसार राज्यांचा विषय. दिल्लीनं नमुना द्यायचा, पैसा राज्यानं काढायचा.

दोन, आपल्या राज्यात तुरुंग गृह खात्याकडं आणि परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकासकडं. माणूस दाराबाहेर पाऊल टाकतो तेव्हा त्याचं खातंच बदलतं. सुटलेल्यांना धंद्यासाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, पण तिचा अर्ज, चौकशी, मंजुरी सगळं तो बाहेर आल्यावर सुरू होतं. आणि माणसाला खरी गरज असते पहिल्या महिन्यात.

तीन, 1951 च्या कायद्यानुसार तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही. सुटलेला माणूस गावोगाव विखुरतो, तोंड लपवून राहतो. त्याचा मोर्चा निघत नाही. ज्याचा मोर्चा नाही, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात कोण भांडणार?

अलीकडं दोन गोष्टी झाल्या, त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. 2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना आणली. कैद्याला आतल्या कामाच्या कमाईवर, जामीनदार न मागता 50,000 रुपयांपर्यंत कर्ज. घरच्या अडचणीला ते उपयोगी आहेच. पण ते कर्ज आहे, फेडायचं आहे. दुसरी, 2023 ची केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 पर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 पर्यंत मदत. वर्षाची तरतूद 20 कोटी. देशात 2022 अखेर 5 लाख 73 हजारांवर माणसं तुरुंगात होती. सगळ्यांना ही मदत लागत नाही हे मान्य, तरी अंदाज यावा म्हणून भागून बघा. डोई वर्षाला साडेतीनशे रुपये. आणि हा पैसाही दारापर्यंत आणून सोडणारा आहे. दारापुढचा रस्ता त्यात नाही.

आमच्या ओळखीतला एक जण काही वर्षांपूर्वी शिक्षा भोगून परत आला. आला तेव्हा आई गेलेली, रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं, बँकेचं खातं बंद. आधार काढायला पत्त्याचा पुरावा, आणि पत्त्याच्या पुराव्याला आधार. एका कचेरीत तर "आधी कुठं होता एवढी वर्षं?" असं सगळ्यांसमोर विचारलं. तो तिथून उठला तो परत गेलाच नाही. दोन महिने वीटभट्टीवर राबला, मग गाव सोडलं. आज कुठं आहे ठाऊक नाही. त्याला लाखो रुपये नको होते. सुटायच्या तीन महिने आधी कुणीतरी त्याचे कागद तयार करायला हवे होते, आणि पहिल्या महिन्याचा खर्च हातात हवा होता. एवढंच.

आता खाली कमेंटमध्ये काय येणार ते मला माहितीय. "गुन्हेगारांना पैसे वाटायचे आणि ज्याचं वाटोळं झालं त्याचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. पीडितांच्या भरपाईसाठी 2009 पासून कायद्यात तरतूद आहे, आपल्याकडं मनोधैर्य योजना आहे, आणि तिथंही पैसा वेळेवर मिळावा म्हणून भांडलंच पाहिजे. पण एकाचं काढून दुसऱ्याला द्या असं कुणी म्हणत नाहीये. शिवाय त्या 5 लाख 73 हजारांत चारांतले तीन जण कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबितच झालेला नव्हता. त्यातले कितीतरी निर्दोष सुटून येतात, आणि त्यांचीही नोकरी, शेत, पत तेवढीच गेलेली असते.

आणि शुद्ध व्यवहार बघायचा तरी सुटलेला माणूस पुन्हा आत गेला, तर त्याच्या जेवणापासून पहाऱ्यापर्यंतचा खर्च आपल्याच करातून जातो. शिवाय मधे आणखी एक घर लुटलं गेलेलं असतं, ते वेगळंच.

म्हणून मागणी साधी आहे. पुनर्वसनाचा पैसा तुरुंगाच्याच अंदाजपत्रकात धरा, सुटकेच्या आधी खर्च करा: कागदपत्रं, बँक खातं, कामाची ओळख, पहिल्या महिन्याचा आधार. आमदार साहेब गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याकडं गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हे माहितीच्या अधिकारात कुणालाही विचारता येतं. मी अर्ज करतोय. उत्तर आलं की इथंच टाकतो.

माळावरच्या एका छोट्या संस्थानाला ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वी जे परवडलं, ते आज एवढ्या मोठ्या राज्याला परवडत नाही, असं आपण तरी म्हणू नये.