खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात वाळूचा तळ

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्या शौकिनांसमोर कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. टाकीच्या तळाशी पसरलेला प्रवाळाचा जाडसर चुरा काढून तेथे बारीक वाळू घालावी काय? वाळूचा पांढराशुभ्र तळ अधिक शोभिवंत दिसतो, हे खरेच. परंतु या बदलामागील मुख्य कारण स्वच्छतेचे आहे. चुऱ्याच्या मोठ्या फटींमध्ये माशांची विष्ठा व उरलेले खाद्य खोलवर जाऊन बसते, तेथेच कुजते आणि पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण वाढत राहते. वाळूत हा गाळ बराचसा पृष्ठभागावरच राहत असल्याने तो नळीने ओढून घेता येतो. शिवाय रॅस कुळातील अनेक मासे रात्री स्वतःला वाळूत पुरून घेतात, तर काही गोबी मासे तोंडात वाळू घेऊन ती कल्ल्यांवाटे चाळत अन्न शोधतात. टोकदार चुऱ्यात त्यांना हे साधत नाही. अंगाला जखमा होतात त्या वेगळ्याच.

मात्र जुना तळ ही केवळ सजावट नसते. त्याच्या कणाकणावर जीवाणूंची वस्ती असते. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम हे जीवाणू करतात. तळ एकाच दिवशी उपसला, तर या वस्तीचा मोठा भाग नष्ट होतो आणि त्याच वेळी साचलेला गाळ पाण्यात मिसळतो. खाऱ्या टाकीतील पाण्याचा सामू साधारणपणे ८.१ ते ८.४ असतो. अशा पाण्यात अमोनियाचा अधिक हिस्सा विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्यात एखादे वेळी खपून जाणारी घाई येथे माशांच्या जिवावर बेतते ती यामुळेच.

टाकीत जीवाणूंनी भरलेले सच्छिद्र खडक, म्हणजे 'लाइव्ह रॉक', पुरेसे असतील तर धोका बराच कमी होतो. तरीही चुरा टप्प्याटप्प्याने काढणे श्रेयस्कर. दर खेपेस चौथा हिस्सा रुंद नळीने पाण्यासह ओढून घ्यावा, दोन आठवडे थांबावे, अमोनियाची चाचणी करावी आणि मगच पुढचा भाग हाती घ्यावा. तळ अनेक वर्षांचा व जाड असेल, तर मात्र ही रीत उपयोगाची नाही. अशा थराच्या खोल भागात प्राणवायू नसतो व तेथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो. ढवळताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी वरचे स्वच्छ पाणी आधी पिंपात काढून घ्यावे, मासे व खडक त्यात हलवावेत, हवेचा पंप व हीटर चालू ठेवावा आणि नंतरच टाकी रिकामी करावी.

नवी वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, असावी. कोरडी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुऊन घ्यावी. चार फूट लांब व दीड फूट रुंद टाकीत चार सेंटिमीटरचा थर देण्यासाठी सुमारे ३० किलो वाळू लागते. खडक आधी थेट काचेवर टेकवावेत आणि वाळू त्यांच्याभोवती घालावी. अन्यथा बिळे करणाऱ्या प्राण्यांमुळे खडक कलंडून काच तडकण्याची भीती असते. पंप बंद करून, प्लॅस्टिकच्या पाइपमधून वाळू तळाशी सोडली की पाणी कमी गढूळ होते. चौपाटीवरची वाळू फुकट मिळते म्हणून पोते भरून आणण्याचा मोह टाळलेलाच बरा. तिच्यात सांडपाण्याचे व तेलाचे अंश असू शकतात.

थराच्या जाडीबाबत जाणकारांत जुना मतभेद आहे. मोनॅकोचे शास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धत मांडली, तर अमेरिकेत रोनाल्ड शिमेक यांनी पोकळीविना बारीक वाळूच्या जाड थराचा पुरस्कार केला. दहा सेंटिमीटर वा अधिक जाडीच्या थरात प्राणवायूरहित भागातील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पण त्यासाठी वाळू सतत हलती ठेवणारे किडे व गोगलगायी लागतात. परदेशी पुस्तके यासाठी समुद्रकाकडीही सुचवतात. भारतात मात्र २००१ मध्ये समुद्रकाकड्यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला, त्यामुळे तो सल्ला येथे गैरलागू ठरतो. घरगुती टाकीसाठी तीन ते पाच सेंटिमीटरचा, सहज साफ करता येणारा थरच व्यवहार्य म्हणावा लागेल.

बदलानंतर एक-दोन दिवस पाणी धूसर राहते. पहिला महिनाभर खाद्य बेताने द्यावे, नवे मासे आणू नयेत. याच काळात वाळूवर तपकिरी थर चढलेला पाहून अनेकजण धास्तावतात. तो डायटम शैवालाचा असतो आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.