कच्चं मडकं, फिरलेलं देऊळ
मराठी उपरोधाची कुळकथा

टोमणा माणसाच्या बोलण्याइतकाच जुना असणार. त्याला एक गाव देता येत नाही. पण टोमण्यानं माणूस शहाणा करायचा, ढोंग उघडं पाडायचं आणि ऐकणाऱ्याला तोडून न टाकता आपल्यात ओढून घ्यायचं, ही रीत मराठीत वारकरी संतांनी घडवली. तिचा माग काढत गेलं की वाट हिंगोली जिल्ह्यात येते. कयाधूच्या काठचं नर्सी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव. त्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असं परंपरा सांगते.

ही कथा सुरू होते ती नामदेवांच्याच फजितीनं. तेरच्या गोरोबा कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. नामदेव (1270–1350) म्हणजे विठ्ठलाचे लाडके भक्त, आणि त्या लाडाची त्यांना जाणीवही होती. वयानं धाकट्या मुक्ताबाईनं तिथलं थापटणं पाहिलं आणि हे कशासाठी, असं गोरोबांना विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं, असं उत्तर आलं. तेव्हा इथं बसलेली मडकीही एकदा पाहा, असं ती म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे निमूट बसले, नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे. संतचरित्रांत या प्रसंगाचे तपशील बदलतात. ताहराबादच्या महिपतींनी 1762 साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि संतांच्या अशा कथा मराठी घरांत पोथीवाटे पोचल्या.

या प्रसंगात मुक्ताबाईनं नामदेवांना एकही वावगा शब्द म्हटलेला नाही. तिनं फक्त कुंभाराचं काम कुंभाराला सांगितलं. नामदेवांचा अहंकार नामदेवांच्या रागानंच सिद्ध केला. खऱ्या उपरोधाचा पहिला नियम इथे दिसतो: बोलणारा आरोप करत नाही, ऐकणारा स्वतःच त्याचा पुरावा देतो.

नामदेव दुखावून विठ्ठलाकडे गेले, तर त्यानंही गुरू कर म्हणून विसोबांकडे पाठवलं. औंढ्याच्या देवळात पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी त्यांना खडसावलं. विसोबांनी वाद घातला नाही. मी म्हातारा झालो, अंगात त्राण नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव, अशी विनंती त्यांनी केली. नामदेव पाय उचलून जिथे ठेवू लागले तिथे पिंड उभी राहू लागली.

विसोबांचं उत्तर वरवर केविलवाणं आहे, नम्र आहे, आणि आतून त्यानं नामदेवांची सगळी समजूत मुळासकट उपटली आहे. देव सगळीकडे आहे, हे वाक्य विसोबा उच्चारतही नाहीत. ते नामदेवांना एक काम सांगतात आणि ते काम अशक्य निघतं. गुरू नानकांविषयी हीच गोष्ट मक्केच्या संदर्भात जन्मसाख्यांमध्ये येते. तिथे पाय फिरवले तसा काबा फिरतो. ढोंगाला कर्मकांडातूनच उत्तर द्यायची ही युक्ती या देशातल्या संतांना किती आवडली होती, ते यावरून कळावं.

तिसरी कथा देवळाचीच आहे. तिचा जुना आधार गुरू ग्रंथ साहिबात सापडतो. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. भैरव रागातल्या एका पदात नामदेव सांगतात की मी हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भजन करत असताना मला हलक्या जातीचा म्हणून उठवलं, मी घोंगडी घेऊन देवळाच्या मागे जाऊन बसलो. मग देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं आणि पंड्यांच्या वाट्याला पाठ आली. हे घडलं ते औंढ्यातच, अशी हिंगोलीकरांची श्रद्धा आहे. पश्चिमाभिमुख देवळामागे बसलेला नंदी तिथे आजही खूण म्हणून दाखवला जातो. हाकललेला माणूस कुणाला शिवी देत नाही. मागे कोण आणि पुढे कोण, एवढंच उलटतं. पण जातीच्या उतरंडीला इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

एकदा टोला खाल्लेल्या नामदेवांना मग टोला देण्याचा अधिकार आला. त्यांनी तो आधी खुद्द देवावर वापरला. पतितपावन असं तुझं नाव ऐकून दारी आलो, पण तू तसा नाहीस, तेव्हा परत जातो, असं ते विठ्ठलाला ऐकवतात. संस्कृत अलंकारशास्त्राला हा प्रकार ठाऊक होता. वरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा त्याच्या उलट, याला ते व्याजस्तुती म्हणतं. पण राजदरबारातल्या त्या अलंकाराला नामदेवांनी उंबऱ्यावर भांडणाऱ्या लेकराची बोली दिली. पंजाबात घुमानकडे राहून रचलेल्या मानल्या जाणाऱ्या पदांत त्यांचा सूर आणखी धारदार होतो. एका दगडावर पाय आणि दुसऱ्याची पूजा, हे कसं, असं ते विचारतात. हिंदूला आंधळा आणि तुर्काला एकाक्ष म्हणून दोघांनाही एकाच पंगतीला बसवतात. कबीर आणि रविदास या दोघांनीही आपल्या पदांत नामदेवांचं नाव आदरानं घेतलं आहे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते नामदेव आणि पंजाब यांच्या नात्याची आठवण म्हणूनच.

घरात हीच भाषा जनाबाईच्या तोंडी आली. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली आणि विठोबाला हक्कानं शिव्या घालू लागली. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यानं आणि सोयराबाईनं त्या हक्काचा सर्वांत धाडसी वापर केला. ज्या देहाचा विटाळ मानता तो देहच विटाळातून जन्मला, मग सोवळा कोण, असा त्यांचा प्रश्न होता. विसोबांची रीत इथे पुन्हा दिसते. प्रश्न साधा असतो, उत्तर देताना समोरचा अडकतो.

पैठणच्या एकनाथांनी (1533–1599) या रीतीला रंगमंच दिला. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर, आंधळा, बहिरा अशी गावात रोज दिसणारी माणसं बोलतात. सासरच्या सगळ्यांचा निकाल लाव म्हणून भवानीला नवस करणारी सून ऐकून बायाबापड्या खळखळून हसतात. मग ते सासर म्हणजे आपल्याच मनातले विकार, हे लक्षात येतं आणि हसू अंगावर येतं. ‘हिंदु-तुर्क संवाद’ तर दोन धर्मांनी एकमेकांची उणी काढण्याचा सामना आहे, पण तो मिठीनं संपतो. टवाळी आणि उपरोध यांतला फरक त्या मिठीत आहे.

पुढे ही नदी अनेक पाटांनी वाहिली. देहूच्या तुकारामांनी दांभिक गुरूंना झोडपलं. गाडगेबाबांनी (1876–1956) कीर्तनात निरक्षर श्रोत्यांना साधे प्रश्न विचारले आणि नवस, हुंडा, कर्ज, दारू यांतला वेडेपणा त्यांच्याच तोंडून वदवून घेतला. हातात वीणेऐवजी खराटा असला तरी पद्धत मुक्ताबाईचीच होती. मराठवाड्यात निरंजन भाकरे यांच्यासारख्या कलावंतांनी आपल्या काळातही भारूड गावोगाव हसतं-बोलतं ठेवलं.

ही सगळी परंपरा एका गोष्टीवर उभी आहे. इथे टोमणा धाकट्यानं थोरल्याला, दासीनं देवाला, देवळाबाहेर काढलेल्यानं देवळातल्याला मारला. आणि मारणाऱ्यानं आधी तो स्वतः सोसला होता. नामदेव कच्चं मडकं ठरले नसते, तर पंडितांना ऐकवण्याचा त्यांचा अधिकार पोकळ राहिला असता. आज भाषणांत, पडद्यावर आणि हातातल्या मोबाईलवर उपरोधाचा पूर आहे. त्यातला बराचसा वरून खाली फेकलेला असतो: गरिबाच्या उच्चारावर, बाईच्या रूपावर, खेड्यातल्या माणसाच्या कपड्यांवर. त्याला विनोद म्हणोत, नामदेवांच्या कुळातला उपरोध म्हणता येणार नाही.

म्हणून कुणाला टोमणा मारण्याआधी प्रत्येकानं दोन गोष्टी तपासाव्यात. तो आपल्यापेक्षा बलवानावर आहे का, आणि तेच थापटणं आपल्या डोक्यावर पडलं तर आपण निमूट बसू शकू का? दोन्हींचं उत्तर होय असेल, तर अवश्य मारावा.