आमवात : परवडणारे औषधोपचार

आमवात, म्हणजेच रुमेटॉइड आर्थ्रायटिस, या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली सुरू झालेल्या पाहणीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना तो असल्याचे आढळले. उपचार वर्षानुवर्षे चालतात. खर्च झेपेनासा झाला की औषध मध्येच सुटते आणि बोटे वाकडी होऊ लागतात. म्हणून येथे किमतीचा विचार औषधाच्या गुणाइतकाच महत्त्वाचा आहे.

उपचाराचा पाया मेथोट्रेक्झेट. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने ज्या फॉलिक आम्लविरोधी औषधांवर काम केले, त्यांतले हे एक. आधी ते कर्करोगावर वापरले गेले. आमवातासाठी अमेरिकेत त्याला 1988 मध्ये मान्यता मिळाली. मात्रा साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यास हे औषध जिवावर बेतते, म्हणून गोळीचा वार डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा. सोबत फॉलिक ॲसिड दिल्याने मळमळ आणि तोंड येणे कमी होते. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. खर्चाच्या हिशेबात त्याही धराव्यात. गुण दिसायला दीड ते तीन महिने लागतात.

मेथोट्रेक्झेटखेरीज आमवातावर आणखीही औषधे आहेत. त्यांतले सल्फासलाझिन स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांच्या संशोधनातून आले. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापाचे औषध. एकटे घेतल्यास सौम्य पडते, पण सोसायला सोपे. मात्र डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासावा लागतो. लेफ्लुनोमाइड मेथोट्रेक्झेटला चांगला पर्याय आहे, पण यकृतावर लक्ष ठेवावे लागते. मूल हवे असलेल्या स्त्रीला ही दोन्ही औषधे वर्ज्य आहेत. सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गर्भारपणातही देता येतात.

स्वस्त म्हणजे दुय्यम, हा समज 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने खोडला. मेथोट्रेक्झेटने पुरेसा गुण न आलेल्या 353 रुग्णांपैकी काहींना सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोड दिली, तर बाकीच्यांना इटानरसेप्ट हे महागडे जैविक इंजेक्शन. 24 आठवड्यांनी ज्यांना गुण नव्हता त्यांचे उपचार आपसात बदलले. 48 आठवड्यांअखेर तीन गोळ्यांचा उपचार इंजेक्शनापेक्षा उणा ठरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते जैविक औषधासाठी कर्ज काढण्याआधी या तिहेरी उपचाराला पूर्ण मात्रेत संधी मिळायलाच हवी.

त्यानेही सूज हटली नाही, तर मात्र उशीर करू नये. टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या आणि ॲडालिमुमॅबची देशी इंजेक्शने आता भारतात मिळतात. दोन्हींआधी क्षयाची तपासणी आवश्यक आहे. टोफासिटिनिब वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या वा हृदयविकाराच्या रुग्णांत जपून वापरावे लागते.

सर्वांत स्वस्त पडते ते स्टिरॉइड, आणि त्याचाच वापर सर्वाधिक चुकतो. मुख्य औषध लागू पडेपर्यंत अल्प मात्रेत, थोड्या काळासाठी ते उपयोगी आहे. वर्षानुवर्षे केवळ त्यावरच राहिलेल्या रुग्णांत हाडे ठिसूळ होतात, मधुमेह आणि मोतीबिंदू संभवतो. अशा रुग्णाने स्टिरॉइड एकदम बंद न करता संधिवाततज्ज्ञाकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्यावी आणि मेथोट्रेक्झेटविषयी आवर्जून विचारावे.